दाढीवाल्या सरड्याचे संगोपन : पिलाआधी उन्हाची सोय

ऑस्ट्रेलिया खंडाच्या पूर्व व मध्य भागातील अंतर्प्रदेश कोरडा आहे. तांबडी माती, खुरटी झुडपे आणि दूरवर पसरलेली तारेची कुंपणे हे तेथील नित्याचे दृश्य होय. सकाळी ऊन वर येऊ लागले, की या कुंपणांच्या खांबांवर करड्या-पिवळसर रंगाचे, कुशीला काटेरी खवल्यांची झालर असलेले सरडे चढून बसतात आणि अंग चपटे करून उन्हाला पाठ देतात. डिवचले असता गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून ती काळी करण्याची त्यांची सवय आहे. त्यावरूनच त्यांना ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणजे दाढीवाला सरडा हे नाव पडले. यातील सर्वपरिचित जातीस शास्त्रीय परिभाषेत ‘पोगोना व्हिटिसेप्स’ असे म्हणतात.

हा सरडा आज ऑस्ट्रेलियातच नव्हे, तर युरोप व अमेरिकेतील असंख्य घरांतही पाळला जातो. ऑस्ट्रेलियात रानातील सरडा धरून घरी आणण्यास मनाई आहे, आणि बंदिस्त अवस्थेत जन्मलेला सरडा पाळण्यासही बहुतेक राज्यांत परवाना लागतो. जिवंत देशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीस त्या देशाने बंदी घातलेली असल्याने इतरत्र विकली जाणारी पिले ही पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त अवस्थेत पैदा झालेल्या सरड्यांची संतती आहे. शांत स्वभाव, दिवसा जागण्याची सवय आणि सुमारे दहा वर्षांचे आयुष्य यांमुळे तो मुलांचा आवडता झाला, यात नवल नाही. मात्र विकत आणले जाते ते अवघ्या काही ग्रॅम वजनाचे, वीतभरही न भरणारे पिल्लू. ते जगणार की नाही, याचा निर्णय पहिल्या काही महिन्यांत होतो, आणि तो बहुधा पिलाच्या प्रकृतीपेक्षा त्याच्या पेटीवर अवलंबून असतो. यास्तव पेटी आधी सिद्ध करावी, ती काही दिवस चालवून पाहावी आणि मगच पिल्लू आणावे, असा जाणकारांचा आग्रह असतो.

उष्णतेची दोन टोके

सस्तन प्राण्याप्रमाणे सरडा आपल्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. उन्हात बसून तो शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास नेतो आणि अधिक तापल्यास सावलीत सरकतो. ही ये-जा करण्याची मुभा पेटीत मिळाली पाहिजे. म्हणून सुमारे १२० सेंटिमीटर लांबीच्या पेटीत उष्णतेचा दिवा एकाच टोकाला लावतात. त्याखालील फांदीचा अथवा दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंशांपर्यंत तापावा आणि दुसरे टोक २४ ते २८ अंशांवर राहावे. दोन्ही टोकांना तापमापक हवाच. हाताने चाचपून केलेला अंदाज येथे उपयोगी पडत नाही. दिव्याला थर्मोस्टॅट जोडलेला बरा. रात्री सर्व दिवे मालवावेत. खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास असेल, तर पिलास रात्रीची वेगळी ऊब लागत नाही. विजेवर तापणारे कृत्रिम दगड दुकानांतून सर्रास विकले जातात. त्यांवर बसून पोट भाजले तरी सरडा वेळीच उठेल याचा भरवसा नसतो. ते न घेणेच इष्ट.

पिल्लू खात नाही, ही नव्या पालकाची नेहमीची तक्रार असते. तेव्हा तो खाद्य बदलतो, अधिक किडे सोडतो, काही वेळा बळेच भरवतो. वस्तुतः पुष्कळदा दोष खाद्याचा नसून थंडीचा असतो. अंगात ऊब नसेल तर पचन मंदावते आणि खाल्लेले पोटात तसेच पडून राहते. अशा वेळी प्रथम तापमापक पाहावा. या सरड्याच्या आयुष्यात उष्णतेची सत्ता अंड्यापासूनच सुरू होते. अंडी अधिक तापमानात उबवल्यास जनुकांनी नर असलेली पिले मादी म्हणून जन्मतात, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००७ साली प्रयोगशाळेत दाखवून दिले आणि २०१५ साली रानातील सरड्यांतही तसे आढळून आले.

न दिसणारा प्रकाश

उष्णतेइतकीच निकडीची, परंतु डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे अतिनील किरण. सूर्यप्रकाशातील ‘अतिनील-ब’ किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम शरीरात पुरेसे शोषले जात नाही. सूर्यप्रकाशाअभावी बालकांना मुडदूस होतो, हे शिक्षकांना व आरोग्यसेवकांना नव्याने सांगावयास नको. सरड्याच्या पिलाचे हेच होते, फक्त अधिक वेगाने; कारण त्याचा सांगाडा काही महिन्यांतच कित्येक पटींनी वाढत असतो. खालचा जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठ वाकते आणि शेवटी अंग जमिनीवरून उचलणेही त्यास अशक्य होते. एकदा वाकलेले हाड पूर्ववत सरळ होत नाही.

ड जीवनसत्त्व तोंडावाटे देऊन भागेल, अशी एक समजूत आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डच संशोधकांच्या अभ्यासात, अतिनील प्रकाशात वाढविलेल्या पिलांच्या रक्तात या जीवनसत्त्वाचे प्रमाण केवळ तोंडावाटे ते दिलेल्या पिलांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळले. म्हणून खास अतिनील-ब किरण देणारी नळी पेटीच्या निम्म्याहून अधिक लांबीवर, उष्ण टोकाकडून, बसवावी आणि ती दिवसाचे १२ ते १४ तास पेटती ठेवावी. येथे दोन फसगती संभवतात. पेटी खिडकीशी ठेवली म्हणजे ऊन मिळाले असे वाटते. परंतु साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. दुसरी फसगत अधिक छुपी आहे. नळीचा दृश्य उजेड वर्षानुवर्षे टिकतो, पण तिचे अतिनील किरण त्याआधीच क्षीण होतात. दिवा लख्ख पेटलेला आणि पिल्लू मात्र मुडदुसाने वाकत चाललेले, असा प्रकार त्यामुळे घडतो. नळी बसविल्याची तारीख पेटीवर लिहून ठेवावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, सामान्यतः वर्षभरात, ती बदलावी. खरे ऊन सर्वांत उत्तम. मात्र ते सावलीची सोय असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात द्यावे. काचेची पेटी उन्हात ठेवल्यास ती पाहता पाहता भट्टीसारखी तापते.

आहार आणि सोबत

मोठा सरडा मुख्यतः पालेभाजीवर राहतो. वाढत्या पिलास मात्र प्रामुख्याने किडे लागतात. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत संपतील इतके पाळीव रातकिडे द्यावेत. किडा पिलाच्या दोन डोळ्यांतील अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले रातकिडे काढून घ्यावेत, नाहीतर रात्री तेच पिलाला चावतात. रातकिड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अत्यल्प असल्याने त्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी. सोबत मोहरीची कोवळी पाने, किसलेला भोपळा असे काही रोज ठेवावे. पालक वारंवार देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. काजवा मात्र चुकूनही पेटीत जाता कामा नये. त्यातील विषामुळे एक-दोन काजवे खाऊन हे सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत.

दोन पिले एकत्र ठेवू नयेत. ती एकमेकांची बोटे व शेपटीचे टोक तोडतात, आणि पालीप्रमाणे या सरड्याची शेपटी पुन्हा उगवत नाही. पिल्लू कधी कधी पुढचा एक पाय उचलून सावकाश फिरवते. ते रामराम करते आहे असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती समोरच्या बलवानापुढची शरणागती असते. घरी आणल्यावर पहिला आठवडाभर त्यास हाताळू नये. पेटीच्या तळाशी वाळूऐवजी साधा कागद अंथरावा, म्हणजे विष्ठा दिसते आणि वाळू पोटात जात नाही.

स्वच्छतेचा प्रश्न घरातील माणसांच्याही आरोग्याचा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ साली साल्मोनेला जंतूंच्या एका साथीचा संबंध पाळीव दाढीवाल्या सरड्यांशी जोडला होता. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुणे, पेटीतील भांडी स्वयंपाकघरात न धुणे आणि पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवणे अगत्याचे आहे. दर आठवड्यास पिलाचे वजन करून नोंदवावे. वाढत्या वयात वजन थांबले वा घटले, तर पशुवैद्यकास दाखविण्यास विलंब करू नये.

आपल्याकडील शाळांतूनही या प्राण्याविषयी कुतूहल आढळते. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यास शासनाची पूर्वपरवानगी लागते. म्हणून कोणी असे पिल्लू देऊ केल्यास प्रथम कागदपत्रे मागावीत. त्याऐवजी गावाजवळची घोरपड वा चांदण्यांचे कासव धरून आणणे हा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाच आहे. विद्यार्थ्यांना दाखविण्यासारखे या सरड्याचे नातलग महाराष्ट्रात मुबलक आहेत. बागेतला नेहमीचा सरडा त्याच कुळातला. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर पंख्यासारखा गळा फुलविणारे छोटे सरडे राहतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांची स्वतंत्र प्रजाती ठरविली आणि तिला ‘सरडा’ हे मराठी नावच दिले. पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत हे नर दगडावर चढून निळा, काळा व नारिंगी गळा फुलवितात. थोडे दूर बसून राहिल्यास ते विनासायास पाहावयास मिळते.