दीव : पर्यटकांची संख्या आणि पर्यटनाचे अर्थकारण

पर्यटनामुळे एखाद्या शहराचा विकास किती झाला, हे केवळ पर्यटकांच्या संख्येवरून ठरत नाही. पर्यटक किती दिवस राहतो आणि त्याने खर्च केलेल्या पैशांपैकी किती पैसा स्थानिकांच्या हाती उरतो, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत. सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे दीव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी १५३५ मध्ये झालेल्या करारानंतर पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा व दमणसमवेत दीव मुक्त झाले. १९८७ मध्ये गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर दमण व दीव हा वेगळा केंद्रशासित प्रदेश बनला आणि २६ जानेवारी २०२० रोजी त्याचे दादरा व नगर हवेलीशी विलीनीकरण झाले. २०११ च्या जनगणनेनुसार दीव जिल्ह्याची लोकसंख्या ५२,०७४ होती.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. दीवमध्ये ती नाही. साहजिकच शेजारून येणाऱ्या अनेकांचे आकर्षण मद्य हेच असते. हा लाभ दोन प्रदेशांच्या धोरणांतील तफावतीतून मिळतो. तफावत कमी झाली की लाभही घटतो. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातने गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत मद्यसेवनास मर्यादित सवलत दिली. हे ठिकाण दीवपासून दूर असले, तरी धोरणे कायम राहतातच असे नाही, हा बोध त्यातून घेता येतो.

याउलट, दीवची स्वतःची संपदा टिकाऊ आहे. समुद्रात घुसलेला किल्ला, सेंट पॉल चर्च, दगड काढल्याने आकारास आलेल्या नायडा गुंफा, नागोआचा किनारा, १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुकरीचे स्मारक आणि २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळवणारा घोघला किनारा ही तिची काही उदाहरणे. सोमनाथ आणि सिंहांचे गीर अरण्यही एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. ही स्थळे एका सहलीत गुंफल्यास पर्यटकाचा मुक्काम वाढेल.

मुक्काम वाढला की निवास, भोजन व वाहतुकीवरील खर्च वाढतो. वणाकबारा येथील मच्छीमाराची मासळी स्थानिक उपाहारगृहात विकली गेली, तर तोच पैसा गावात पुन्हा फिरतो. यास ‘गुणक परिणाम’ म्हणतात. माल व मनुष्यबळ बाहेरून आणल्यास मात्र उत्पन्नाची ‘गळती’ होते. लहान बेटावर गोडे पाणी व जमीन मर्यादित असल्याने गर्दी वाढवण्यापेक्षा मुक्काम वाढवणे आणि गळती रोखणे, हेच दीवच्या पर्यटनाचे उद्दिष्ट असावयास हवे.