याखिमोव्ह : एका दरीची चार युगे

चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, जर्मनीच्या सरहद्दीलगत, क्रुश्ने होरी नावाची डोंगररांग पसरलेली आहे. जर्मन भाषेत तिला ‘खनिजांचे पर्वत’ या अर्थाचे नाव आहे, आणि ते सार्थ आहे. या रांगेतील एका अरुंद दरीत याखिमोव्ह हे छोटेसे गाव वसलेले आहे. कार्लोवी वारी या जगप्रसिद्ध आरोग्यस्थानापासून ते फारसे दूर नाही. दोन-अडीच हजार वस्तीच्या या गावात संधिवाताचे रुग्ण औषधी पाण्याने स्नान करण्यासाठी येतात. हे पाणी ज्या खाणीतून वर येते त्याच खाणीने गावाला एकेकाळी वैभव दिले, विज्ञानाला एक नवे मूलद्रव्य दिले आणि पुढे हजारो माणसांना यातनाही दिल्या.

गावाचा इतिहास सुरू होतो तो चांदीपासून. येथे चांदीच्या शिरा सापडल्यावर 1516 मध्ये श्टेपान श्लिक या उमरावाने येथे नगर वसवले. संत योआखिमच्या नावावरून त्याला ‘योआखिम्सताल’, म्हणजे योआखिमची दरी, असे जर्मन नाव मिळाले. 1520 मध्ये श्लिक घराण्याला नाणी पाडण्याचा अधिकृत हक्क देण्यात आला. येथे पाडलेली चांदीची जाड नाणी ‘योआखिम्सतालर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. व्यापाऱ्यांच्या तोंडी या लांबलचक नावाचा ‘तालर’ झाला, आणि देशोदेशी फिरता फिरता त्याच शब्दाचे ‘डॉलर’ असे रूपांतर झाले. आज जगभर व्यवहारात असलेल्या या नाण्याच्या नावात एका डोंगरी दरीचे नाव दडलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्वतः श्लिकला हे वैभव फार काळ उपभोगता आले नाही. 1526 मध्ये तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत तो मारला गेला, आणि दोनच वर्षांत टांकसाळ राजसत्तेच्या ताब्यात गेली.

खाणींच्या ओढीने येथे इतकी माणसे लोटली की, 1530 नंतरच्या काही वर्षांत हे नगर बोहेमियात प्राग शहराच्या खालोखाल मोठे झाले. त्या काळाच्या खुणा अजूनही दिसतात. टांकसाळीच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. 1873 च्या भीषण आगीत होरपळलेले आणि नंतर पुन्हा उभारलेले संत योआखिमचे चर्च गावाच्या मधोमध उभे आहे. नगरभवनात येथील जुन्या लॅटिन शाळेचा ग्रंथसंग्रह जपून ठेवण्यात आला आहे. खाणकामगारांच्या गावात असा ग्रंथसंग्रह असावा यात आश्चर्य नाही. कारण गेऑर्ग आग्रिकोला हा विद्वान 1527 पासून काही वर्षे येथे वैद्य होता. खाणीत उतरून त्याने जे पाहिले त्याचा उपयोग त्याला खाणशास्त्रावरील आपल्या ग्रंथासाठी झाला. त्याच्या मृत्यूनंतर, 1556 मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे दोन शतके या विषयातील आधारग्रंथ मानला गेला.

चांदी सरत आली तसतशी डांबरासारखी काळी आणि जड अशी एक खनिज माती खाणकामगारांच्या हाती वारंवार येऊ लागली. तिला पिचब्लेंड म्हणतात. तिच्या जर्मन नावातील ‘पेख’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : डांबर आणि दुर्दैव. ती लागली म्हणजे चांदी संपली, असे कामगार समजत आणि तिला बाजूला टाकत. 1789 मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिचब्लेंडमध्ये युरेनियम हे मूलद्रव्य असल्याचे दाखवून दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात काचेला पिवळा-हिरवा रंग देण्यासाठी याखिमोव्ह येथे युरेनियमचे रंग तयार होऊ लागले. ते काढून घेतल्यावर उरलेला चोथा मात्र टाकून दिला जाई.

या टाकाऊ चोथ्यानेच गावाला दुसरे युग दाखवले. 1898 मध्ये मारी आणि प्येर क्यूरी यांनी पॅरिसमध्ये पिचब्लेंडमधून पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये असल्याचे सिद्ध केले. पुढील कामासाठी ऑस्ट्रियाच्या सरकारकडून त्यांना याखिमोव्हच्या चोथ्याचे कित्येक टन मिळाले. वर्षानुवर्षे तो उकळून, गाळून मारी क्यूरीने 1902 मध्ये त्यातून ग्रॅमच्या एक-दशांशाएवढे शुद्ध रेडियमचे लवण वेगळे केले. 1925 मध्ये तिने या गावाला भेट दिली.

रेडियमपासून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू सतत निर्माण होतो आणि खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळतो. 1906 मध्ये येथे अशा पाण्याच्या स्नानांना आरंभ झाला, आणि 1912 मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे भव्य अतिथिगृह उभे राहिले. रेडॉनचे प्रमाण सुमारे पावणेचार दिवसांत निम्म्यावर येते. त्यामुळे हे पाणी साठवून न ठेवता खाणीतून थेट स्नानगृहांत आणावे लागते. सांधे आणि पाठीचा कणा यांच्या दुखण्यावर ते गुणकारी मानले जाते. या उपचाराविषयी जगभरच्या वैद्यकांत मतभेद आहेत; परंतु ज्यांना आराम वाटला ते रुग्ण पुनःपुन्हा येत असतात. ज्या वायूमुळे बंद बोगद्यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग होत असे, तोच वायू येथे अल्प मात्रेत औषध म्हणून वापरला जातो. फरक मात्रेचा आहे, आणि माणूस त्या पाण्याजवळ स्वेच्छेने येतो की बळाने आणला जातो याचाही आहे.

कारण तिसरे युग बळजबरीचे होते. अणुबाँबच्या शोधानंतर युरेनियमला अतोनात महत्त्व आले. नोव्हेंबर 1945 मध्ये झालेल्या कराराने येथील खनिज सोव्हिएत संघाकडे जाऊ लागले. गावातील बहुसंख्य जर्मन रहिवाशांना देशाबाहेर घालवण्यात आले. खाणीत प्रथम जर्मन युद्धकैदी राबले, आणि 1948 मध्ये कम्युनिस्टांच्या हाती सत्ता आल्यानंतर राजकीय कैदी राबू लागले. शेतकरी, धर्मगुरू, विद्यार्थी, सैनिक असे सर्व थरांतील लोक त्यांत होते. 1950 मध्ये देशद्रोहाचा खोटा आरोप ठेवून तुरुंगात टाकलेल्या राष्ट्रीय आइस हॉकी संघातील खेळाडूही येथे आणले गेले. त्यांतील गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. 1955 मध्ये त्याची सुटका झाली. परंतु प्रकृती ढासळली होती, आणि 1963 मध्ये तो मरण पावला.

तेथील छावण्यांची नावे वाचली की मन विषण्ण होते. रोव्नोस्त म्हणजे समता, ब्रात्र्स्त्वी म्हणजे बंधुता, स्वोर्नोस्त म्हणजे एकोपा. काही ठिकाणी कैद्यांच्या घोळक्याभोवती पोलादी दोर आवळून त्यांना एकत्र चालवत खाणीकडे नेले जाई. जवळच विक्मानोव्ह येथे खनिज दळून पिंपांत भरण्याचे काम एका उंच विटांच्या इमारतीत चाले. तिच्या विषारी धुळीमुळे कैद्यांनी तिला ‘मृत्यूचा मनोरा’ हे नाव दिले. ही इमारत आता स्मारक म्हणून जतन करण्यात आली आहे.

1964 मध्ये येथील युरेनियमचे उत्खनन थांबले. स्वोर्नोस्त खाण मात्र बंद झाली नाही. सोळाव्या शतकात चांदीसाठी खणलेल्या या खाणीत आता कोणी धातू शोधत नाही. तिच्या खोल तळाशी उगवणारे कोमट पाणी स्नानगृहांना पुरवले जाते. हे चौथे युग आहे. त्या झऱ्यांपैकी एकाला क्यूरीचे, एकाला आग्रिकोलाचे, तर एकाला मारी क्यूरीचा शिष्य असलेला चेक पदार्थवैज्ञानिक फ्रांतिशेक बेहोउनेक याचे नाव आहे. 2019 मध्ये युनेस्कोने चेक आणि जर्मन सरहद्दीवरील या खाण-प्रदेशाचा जागतिक वारशात समावेश केला. याखिमोव्ह आणि तो लाल मनोरा हे दोन्ही त्यात येतात.

गावाच्या आसपासच्या रानातून जुन्या छावण्यांच्या जागा दाखवणारी एक पायवाट जाते. स्नान आटोपून फिरावयास निघालेला रुग्ण त्या वाटेला लागला, तर त्याला थोड्याच वेळात कळून येते की, ज्या पाण्याने त्याचे सांधे मोकळे झाले ते ज्या खाणीतून येते, तिच्या बोगद्यांत कित्येकांचे आयुष्य संपले.