जखमेचा दाखला

अमझेऱ्यास मारामारी झाली की आपण रक्त पाहून हळहळतो. कायदा मात्र हाडही पाहतो. 1860 च्या दंडसंहितेतील ‘जबर दुखापती’चे आठ प्रकार 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये आले. डोळा वा कान कायमचा निकामी होणे, हाड किंवा दात मोडणे हे त्यांतलेच. दातही किरकोळ नव्हे! तीव्र वेदनेची मुदत तेवढी 20 दिवसांवरून 15 वर आली. डॉक्टर जखमेची जागा, लांबी-रुंदी-खोली, रंग व तपासणीची वेळ लिहितात. हाडाबद्दलचे मत क्ष-किरण चित्र येईतो राखून ठेवतात. म्हणून जखमी माणसास हळद भरून घरीच निजवू नये, असे आम्हांस वाटते. मुका मार आधी लाल, मग निळा, हिरवट, पिवळा होतो. पंधरवड्याने दवाखाना गाठल्यास डॉक्टर तरी काय लिहिणार?