दबा धरून बसलेला क्षय

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे माणूस लगेच आजारी पडतो, असे नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूंची लागण झालेली आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांना ना खोकला, ना ताप. शरीरातील पेशी जंतूंभोवती कडे करतात, बारीक गाठ बनते आणि जंतू आत दबून राहतात. यालाच सुप्त क्षय म्हणतात. यांपैकी शेकडा ५ ते १० जणांत पुढे केव्हातरी रोग उफाळतो.

दंडावर बीसीजीचा व्रण असूनही मोठेपणी क्षय कसा होतो, असे पुष्कळजण विचारतात. ही लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून चांगले संरक्षण देते; मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयाबाबत मात्र तिचा भरवसा नाही. तामिळनाडूत चिंगलपेट येथे १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत हेच दिसले.

नवी लस आधी प्राण्यांवर पारखावी लागते आणि इथेच घोडे पेंड खाते. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी जंतू शोधला तेव्हा गिनिपिग त्यांच्या उपयोगी पडले. पण गिनिपिग इतका नाजूक, की थोड्या जंतूंनीही तो अखेर दगावतो. त्याच्यात रोग झोपतच नाही. उंदीर स्वस्त, म्हणून प्रयोग त्याच्यावरच जास्त. मात्र नेहमीच्या जातींच्या उंदरांत माणसासारखी आतून कुजणारी गाठ होत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल येथे औषधे देऊन उंदरांतील जंतू दिसेनासे केले गेले; औषध थांबल्यावर कित्येकांत ते परत उगवले. युक्ती नामी, पण तिथे जंतू दबले ते औषधाने. माणसात ते शरीराच्या स्वतःच्या ताकदीने दबतात.

माणसाच्या सर्वांत जवळ येते ते माकड. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले, की लांब शेपटीच्या माकडांना मोजकेच जंतू दिले तर साधारण निम्मी आजारी पडतात, बाकीची वरवर ठणठणीत राहतात. मात्र माकडे महाग, शिवाय त्यांना जपणे कठीण.

प्राण्यांत आशा दाखवणारी एक लस दक्षिण आफ्रिकेतील तान्ह्या मुलांत निष्प्रभ ठरल्याचे २०१३ साली जाहीर झाले. २०२० साली मात्र बीसीजी शिरेतून दिलेल्या १० माकडांपैकी ९ बचावली. हे वाचून कोणी डॉक्टरांकडे तसा आग्रह धरू नये. माणसांना बीसीजी कातडीतच टोचतात, शिरेतून नाही.