चुकलेल्या गणिताचं बरोबर उत्तर

हवामानशास्त्रातलं एक अत्यंत गाजलेलं भाकीत अशा चक्रावर उभं होतं, जे मुळात नव्हतंच. भाकीत करणाऱ्यानेच पुढे हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते इतकं नेमकं कळतं.

ऑगस्ट 1975 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वॉलेस ब्रोकर यांचा एक छोटा लेख 'सायन्स' साप्ताहिकात आला. 1940 नंतर जगाचं तापमान वाढायचं थांबलं होतं, किंचित उतरलंही होतं. वर्तमानपत्रांत तर हिमयुगाच्या गप्पा चालल्या होत्या. ब्रोकर यांनी उलटाच सूर लावला. कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापतेच आहे, पण निसर्गाचं एक चक्र सध्या उताराला लागलं आहे, म्हणून ती वाढ झाकली गेली आहे. हे चक्र लवकरच फिरेल आणि मग तापमान झपाट्याने चढेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या काही वर्षांत नेमकं तेच झालं.

हे चक्र त्यांना मिळालं होतं ग्रीनलंडच्या बर्फातून, आणि ते सापडण्याची गोष्ट एखाद्या हेरकथेत शोभावी अशी आहे. अमेरिकन सैन्याने 1959-60 मध्ये तिथे बर्फाच्या पोटात बोगदे खणून 'कॅम्प सेंच्युरी' हे ठाणं वसवलं. विजेसाठी अणुभट्टी होती, सिनेमा होता, प्रार्थनागृह होतं, केशकर्तनालयसुद्धा होतं. जगाला सांगितलं गेलं की हे ध्रुवीय संशोधन आहे. खरा बेत होता बर्फाखाली शेकडो क्षेपणास्त्रं दडवण्याचा, आणि तो कागदोपत्री उघड व्हायला 1990 चं दशक उजाडलं. बर्फ सरकत राहिला, बोगदे आक्रसले, बेत बारगळला. मात्र बुरखा म्हणून पांघरलेलं विज्ञान अस्सल निघालं. 1966 मध्ये ठाण्यावरच्या छिद्रकांनी बर्फाचा तळ गाठला, सुमारे 1,390 मीटर खोल, आणि हजारो वर्षांच्या हिमवर्षावाचा सलग दांडा वर काढला.

त्या दांड्याचं काय करायचं, हे ठाऊक असलेला माणूस सैन्यात नव्हता, तो कोपनहेगनमध्ये होता. विली डॅन्सगार्ड यांनी 1952 च्या जूनमध्ये घरामागच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळं खोचलं आणि धो धो कोसळणारा पाऊस गोळा केला. पावसातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण ढगाच्या तापमानाप्रमाणे बदलतं, हे त्यांना त्या बाटलीने दाखवलं. मग जुना बर्फ म्हणजे जुना तापमापकच! कॅम्प सेंच्युरीचा बर्फ मोजू द्या, असं त्यांनी अमेरिकन शास्त्रज्ञ चेस्टर लँगवे यांना पत्राने विचारलं. होकार आला.

या मोजणीतून 1969 साली एक लाख वर्षांचा हवामान-इतिहास उभा राहिला, तो आजही मानाने सांगितला जातो. गोंधळ झाला तो पुढच्या वर्षी. शेवटच्या सुमारे आठशे वर्षांच्या तुकड्यात 78 आणि 181 वर्षांची दोन चक्रं दिसतात, असं डॅन्सगार्ड यांच्या गटाने मांडलं. आठशे वर्षांत 181 चे फेरे बसतात जेमतेम चार. तेवढ्यावर त्यांनी आणखी दहा-वीस वर्षं थंडी आणि त्यानंतर ऊब, असं भविष्यही वर्तवलं. ब्रोकर यांनी उचललं ते हेच. पुढे ग्रीनलंडमध्ये इतरत्र छिद्रं पाडली गेली, नवे दांडे निघाले. ही जोडी त्यांत कुठेच सापडली नाही.

तशी लहर उमटायला निसर्गाचं चक्र लागतंच असं नाही. मॉस्कोत येवगेनी स्लुत्स्की या गणितज्ञाने 1927 मध्ये सरकारी कर्जाच्या लॉटरीत लागलेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेतले, लगतच्या अंकांच्या बेरजा सरकत्या क्रमाने मांडल्या आणि आलेख काढला. तो इंग्लंडमधल्या जुन्या तेजी-मंदीच्या आलेखाशी चकित व्हावं इतका जुळला. योगायोगाचे आकडे नुसते गुळगुळीत केले, तरी त्यांत लाटा उठतात.

हे दुखणं आपल्याकडेही ओळखलं गेलं होतं. भारतीय हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी 1914 मध्येच, आकड्यांत दिसणारं चक्र खरं मानायला ते किती ठळक असायला हवं याची कसोटी लिहून ठेवली होती. या खात्याचं सिमल्यातलं मुख्यालय 1928 मध्ये पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या 'सिमला ऑफिस' थांब्यावर उतरणाऱ्या किती जणांना या कसोटीची खबर असेल, कोण जाणे!

एवढं होऊनही चक्राचा मोह सुटला नाही. 1994 मध्ये मायकेल श्लेसिंगर आणि नवीन रामनकुट्टी यांनी जागतिक तापमानात 65 ते 70 वर्षांचं आंदोलन दाखवलं. 2000 साली मायकेल मान यांनी एका विज्ञानपत्रकाराशी बोलता बोलता अटलांटिक महासागरातल्या अशाच हेलकाव्याला नाव दिलं आणि ते रूढ झालं. याच मान यांनी 2021 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की जुन्या शतकांतले हेलकावे ज्वालामुखींच्या उद्रेकांच्या वेळांमुळे दिसतात आणि अलीकडचे माणसाच्या धुरामुळे. ते सगळ्यांना पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण नाव ठेवणाऱ्यानेच बारसं मोडीत काढावं, हे मला तरी फार आवडलं.

ब्रोकर डिस्लेक्सियाग्रस्त, आयुष्यभर संगणकाला हात न लावता कागद-पेन्सिलीवर काम करणारे. पंच्याऐंशीच्या घरात, 2017 मध्ये, त्यांनी आपल्या गाजलेल्या लेखावर टिपण लिहिलं: भाकीत खरं ठरलं, पण कारण चुकलं होतं. ज्यावर भिस्त ठेवली ते चक्र इतर दांड्यांत नव्हतंच. मधल्या काळातला उतार बऱ्याच अंशी कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराचा होता, आणि वाढ खऱ्या अर्थाने कार्बन डायऑक्साइडची. दोन वर्षांनी ते गेले.

येत्या उन्हाळ्यात 'हे सगळं साठ-सत्तर वर्षांचं नैसर्गिक चक्र आहे' असा निरोप तुमच्या मोबाइलवर आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, की तापमापकांची जगभरची सलग नोंद साधारण 1850 पासूनची आहे, त्यात असे फेरे किती बसतात? उत्तर येईल अडीच.