मासिकाचा आकार आणि खारी हवा
मासिकाचा आकार संपादकाच्या हौसेपेक्षा कागदाच्या तावावर अधिक ठरतो. २० × ३० इंची ताव तीनदा दुमडला की ७.५ × १० इंचांची आठ पाने, म्हणजे १६ पृष्ठे, मिळतात आणि भलताच आकार निवडल्यास उरलेल्या पट्ट्या रद्दीत जातात. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर मात्र, जेथे पावसाळ्यात आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांपुढे असते, ‘ग्रेन’, म्हणजे कागदातील तंतूंची दिशा, अधिक महत्त्वाची ठरते. ओलाव्याने तंतू लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी अधिक फुगतात; त्यामुळे ते बांधणीच्या कडेला आडवे पडल्यास मोकळी कड वाढते, चिकटवलेली कड जागची हलत नाही आणि पान तळलेल्या पापडासारखे वेडेवाकडे होते. वरील आकारासाठी तंतू तावाच्या २० इंची बाजूला समांतर हवेत. ज्या दिशेने कागद सरळ फाटतो, ती तंतूंची दिशा.