लांडग्याची जबानी

परीकथेत लांडगा दुष्ट असतो, सावत्र आई मत्सरी असते, आणि तसे का, हे विचारण्यास कथा फारसा वाव देत नाही. जोसेफ जेकब्ज यांनी १८९० मध्ये छापलेल्या तीन डुकरांच्या प्रसिद्ध इंग्रजी कथेत लांडगा गवताचे आणि काटेरी झुडपांचे घर फुंकरीने पाडून दोघांना खातो, तर विटांच्या घरातले तिसरे डुक्कर त्यालाच शिजवून खाते. अमेरिकी लेखक जॉन शेस्का आणि चित्रकार लेन स्मिथ यांनी १९८९ मध्ये हीच कथा तुरुंगातील लांडग्याच्या तोंडून सांगितली. आजीच्या वाढदिवसाच्या केकसाठी कपभर साखर मागायला आपण शेजारी गेलो होतो, सर्दीमुळे शिंक आली आणि घर कोसळले, असे तो सांगतो. डुक्कर मेलेलेच होते, म्हणून ते वाया जाऊ दिले नाही, हेही तो निरागसपणे सांगून टाकतो.

मात्र त्याच्या केकच्या भांड्यातून सशाचे कान वर आलेले चित्रात स्पष्ट दिसतात. ज्याच्या सांगण्यावर वाचकाला सर्वस्वी विसंबता येत नाही अशा कथनकर्त्याला समीक्षेत अविश्वसनीय निवेदक म्हणतात, आणि ही अवघड कल्पना येथे सहा-सात वर्षांच्या मुलाला एका चित्रातून उमगते, हे या पुस्तकाचे फार मोठे यश आहे.

सगळ्याच पुनर्कथनांना हे साधत नाही. झोपलेल्या राजकन्येच्या कथेवरील डिस्नेच्या १९५९ च्या चित्रपटात मॅलेफिसंट ही निव्वळ दुष्ट परी होती. २०१४ च्या चित्रपटात राज्यलोभी स्टीफन तिचे पंख कापून नेतो, त्यामुळे तिचा राग समजतो, परंतु दुष्टपणा तिच्याकडून उचलून स्टीफनच्या माथी मारला जातो आणि प्रेक्षकाला तोलून पाहण्यासारखे थोडेच उरते.

खलपात्रे मुळात किती बदलती असतात, हे ग्रिम बंधूंच्या संग्रहातून कळते. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली आणि पुढे जगभर तशीच पोहोचली.

मराठी मुलांच्या ओळखीच्या चिऊ-काऊच्या गोष्टीलाही अशी उलटतपासणी सोसेल. शेणाचे घर वाहून गेल्यावर चिमणीच्या दाराशी ताटकळणाऱ्या कावळ्याची बाजू मांडण्याजोगी आहेच, फक्त ती मांडणाऱ्याने, काही रूपांत आत घेतल्यावर तो चिमणीच्या घरातला खाऊ फस्त करतो, हेही त्याच्याच तोंडून वदवून घ्यायला हवे.